टेट मॉडर्नमध्ये प्रेक्षकांनी नाचावे काय?

रंगरेषा : समकालीन कलेच्या दालनांनी प्रेक्षकांसाठी नृत्याचे उपक्रम ठेवणे ही केवळ गर्दी जमवण्याची धडपड आहे आणि चित्रापुढे नाचणारा माणूस चित्र पाहतच नाही, असे या चर्चामंचावरील एका सदस्याने काल लिहिले. ते वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. मे २०१५ मध्ये फ्रेंच नृत्यरचनाकार बोरिस शार्मात्झ यांनी लंडनच्या टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या दालनाला दोन दिवस नृत्याचे संग्रहालय मानले. तेथील टर्बाइन हॉल या भव्य प्रवेशदालनात येणाऱ्या कोणालाही नर्तकांबरोबर अंग मोकळे करता येत होते आणि वरच्या दालनांत विसाव्या शतकातील एकल नृत्ये चित्रांच्या शेजारीच सादर होत होती. मी तेथे होतो. अंगात ऊब आल्यावर वर गेलो, तेव्हा शिल्पाभोवती संथपणे फिरत त्याचा भार कोठे पेलला आहे हे शोधू लागलो; एरवी मी पाटी वाचून पुढे सरकतो.

मंदप्रकाश : काल लिहिणारा मीच. तुमचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय हवे होते, याचा विचार तुम्ही केलेला नाही. माझे वडील आयुष्यात एकदाच लंडनला आले, ते अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्को यांची काळपट तांबडी चित्रे पाहण्यासाठी. त्या मंद उजेडात ते बराच वेळ नुसते बसून होते. त्या वेळी शेजारच्या दालनात पावले आपटली जात असती, तर त्यांना ती शांतता पुन्हा कोठून मिळाली असती? शिवाय १९७१ मध्ये टेट मॉडर्नची मूळ संस्था असलेल्या टेट गॅलरीने अमेरिकी शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांच्या फळ्या, उतार आणि दोर चढण्या-तोलण्यासाठी प्रेक्षकांच्या हवाली केले, तेव्हा लोकांना इजा होऊ लागल्यामुळे ते प्रदर्शन काही दिवसांतच बंद करावे लागले होते.

रंगरेषा : तेच काम २००९ मध्ये टर्बाइन हॉलमध्ये अधिक सुरक्षित साहित्याने पुन्हा उभारले गेले, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळले आहे.

तत्कार : तुम्ही दोघेही प्रेक्षकांसाठी भांडत आहात, जमिनीविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. मी कथक करते. एका संग्रहालयाने मला सिमेंटच्या जमिनीवर दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने, तत्कार, म्हणजे पायांचे आघात, करायला लावला. टाचा सुजल्या, पुढे कित्येक आठवडे जिना उतरणे कठीण झाले आणि मानधनाचा विषय निघाल्यावर 'हा शैक्षणिक उपक्रम आहे' असे उत्तर मिळाले. नृत्यासाठी खाली पोकळी असलेली, किंचित लवणारी लाकडी जमीन लागते. बेल्जियन नृत्यरचनाकार ॲन तेरेसा द किर्समाकर यांचे नृत्य २०१५ मध्ये ब्रसेल्सच्या वील्स या समकालीन कलाकेंद्रात नऊ आठवडे, दालन उघडे असेल तोवर चालू होते. तशा कामात नर्तकांच्या पाळ्या, विश्रांती आणि वेतन यांची व्यवस्था हा कलाकृतीचाच भाग असतो.

रंगरेषा : विषय प्रेक्षकांच्या सहभागाचा आहे. कृपया त्याला वेतनाच्या वादात ओढू नका.

तत्कार : ज्याच्या गुडघ्यांवर तुमचा सहभाग उभा राहतो, त्याला विषयाबाहेर काढण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? प्रेक्षक अर्धा तास नाचून घरी जातो, आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर पुन्हा उभे राहतो.

उत्तरायण : इटलीतील बासानो देल ग्राप्पा येथे २०१३ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग संग्रहालयासारख्या कलेच्या जागांत भरतात. माझ्या आईला हाच आजार होता. इस्पितळाच्या व्यायामकक्षात तिचे पाऊल जागच्या जागी खिळून राहत असे आणि ती शरमून खाली पाहत असे. भिंतीवरच्या चित्रातील हात पाहून स्वतःचा हात उचलण्याची संधी तिला मिळायला हवी होती, असे मला आजही वाटते.

मंदप्रकाश : अशा वर्गांना माझा विरोध नाही, त्यांची वेळ राखून ठेवावी आणि ती दाराशी आधी लिहावी, एवढे मान्य करतो. उरलेल्या वेळी दालन पाहणाऱ्यांचेच राहावे.

तत्कार : वेळ लिहाल त्याच पाटीवर जमीन कशाची आहे तेही लिहा.