नवीन नोकरी लागली आहे. सिक्युरिटी प्लस आधी की थेट सीआयएसएसपी?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)
चिपळूणच्या एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात नुकताच रुजू झालो आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचं. शाखांचे राउटर, फायरवॉल, युजर अकाउंट आणि पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या लावणं) एवढं काम माझ्याकडे आहे. पुढे सिक्युरिटीतच जायचंय. कुठलं सर्टिफिकेट आधी करावं: कॉम्पटिया संस्थेचं सुरुवातीचं सिक्युरिटी प्लस, की अनुभवी लोकांसाठीचं सीआयएसएसपी? आणि परीक्षा घरून देता येते म्हणतात, ते आपल्याकडच्या लाइट-नेटवर जमेल का?

गुहागर_फायरवॉल
सीआयएसएसपी आत्ता नको. परीक्षा कुणीही देऊ शकतो, पण सर्टिफिकेट हवं तर अभ्यासक्रमातल्या आठपैकी किमान दोन विषयांत मिळून ५ वर्षांचा पगारी अनुभव लागतो. संगणक, आयटी किंवा संबंधित विषयाची डिग्री असेल तर १ वर्ष माफ होऊ शकतं. अनुभवाआधी पास झालात तर 'असोसिएट' म्हणून राहता आणि अनुभव पुरा करायला ६ वर्षं मिळतात. खरी अडचण प्रश्नांची आहे. ते व्यवस्थापकाने काय निर्णय घ्यावा असं विचारतात, आणि नवख्या माणसाला चारही पर्याय बरोबर वाटतात.

मात्र त्याची एक तयारी आजच करा. नेमणूक पत्रात नुसतं 'आयटी असिस्टंट' असेल तर कामाचं स्वरूप लेटरहेडवर लिहून घ्या: फायरवॉल नियमांचा आढावा, अधिकार देणं-काढणं, पॅचिंग. पुढे अनुभवाची पडताळणी निघाली की हाच कागद लागतो, आणि तोवर तुमचे साहेब बदललेले असतात.

आत्ता सिक्युरिटी प्लस घ्या. एसवाय०-७०१ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापावर ७५० ला पास. कॉम्पटिया साधारण तीन वर्षांनी आवृत्ती बदलते, म्हणून व्हाउचर (परीक्षेच्या फीचं कूपन) किंवा पुस्तक घेण्याआधी चालू आवृत्ती साइटवर बघाच. पेपरचा २८ टक्के भाग सिक्युरिटी ऑपरेशन्सचा, म्हणजे तुमचं रोजचंच काम.

माणसं अडकतात ती सुरुवातीच्या प्रात्यक्षिक प्रश्नांत. फायरवॉलचे नियम क्रमाने लावा, लॉग (यंत्रांच्या नोंदी) वाचून बाधित मशीन ओळखा, असे ते असतात. एकेकात दहा मिनिटं सहज जातात. ते फ्लॅग करून पुढे जा, शेवटी परत या. सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणं) आणि पोर्ट, म्हणजे सेवांचे क्रमांक (२२, ५३, ३८९, ४४५, ६३६, ३३८९) पक्के नसतील तर आधी नेटवर्क प्लस या कॉम्पटियाच्याच नेटवर्किंग परीक्षेचा अभ्यासक्रम वाचून काढा. परीक्षा नाही दिली तरी चालेल.

तांबडी_माती
वरच्याशी सहमत. पण बँकेत आहात, तर रिझर्व्ह बँकेचं नागरी सहकारी बँकांसाठीचं ३१ डिसेंबर २०१९ चं सायबर सुरक्षा परिपत्रक शेजारी ठेवून अभ्यास करा. त्यात डिजिटल सेवा आणि पेमेंट यंत्रणांशी जोडणी पाहून बँकांच्या चार पातळ्या केल्या आहेत. आपली पातळी कोणती ते साहेबांना विचारा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशही वाचा: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवायची. परीक्षेत हे येणार नाही, पण ऑडिटर पहिल्यांदा हेच विचारतो. शिवाय 'लॉग का जपायचे' हे एकदा समजलं की घटना-प्रतिसादाचा धडा पाठ करावा लागत नाही.

कळकळीने सांगतो: शिकलेलं बँकेच्या नेटवर्कवर करून बघू नका. परवानगीशिवाय घुसणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खालचा विषय आहे, आणि साधा पोर्ट स्कॅनसुद्धा (कुठले पोर्ट उघडे आहेत ते तपासणं) लेखी परवानगीशिवाय करू नये. घरी ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका; त्यात एका मशीनवर वेगळी आभासी मशीनं चालवता येतात. काली (सुरक्षा चाचणीची लिनक्स) ला २ जीबी, मेटास्प्लॉइटेबल (सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेलं मशीन) ला १ जीबी पुरते. दोन्हींचं नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' ठेवा, म्हणजे ते लॅपटॉपच्या आतच राहतं. मेटास्प्लॉइटेबल ब्रिज्ड मोडवर टाकलं तर ते भोकाभोकांचं मशीन घरच्या वायफायवर उघडं पडतं.

वाशिष्ठीकाठ
धन्यवाद. कामाचं पत्र मागतोच. घरून परीक्षेचं काय?

देवगड_नोड
सिक्युरिटी प्लस घरून देता येते. सीआयएसएसपीला मात्र सेंटरवरच जावं लागतं.

ऑफिसचा लॅपटॉप घेऊ नका; त्यातला व्हीपीएन आणि एंडपॉइंट एजंट (बँकेने टाकलेलं सुरक्षा सॉफ्टवेअर) परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. सिस्टिम टेस्ट त्याच जागी, त्याच वेळेला करून बघा. इन्व्हर्टरवर पंखा-दिवा असतो, पण फायबरचा ओएनटी (फायबरची लाइन जोडायचा डबा) आणि राउटर वेगळ्या सॉकेटवर राहून जातात. दोन्ही यूपीएसवर घ्या. लाइन मध्येच तुटली तर मोबाइल हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. जून ते सप्टेंबर टाळा: वीज पडते, झाडं तारांवर येतात. गणपतीत तर नकोच. खोलीत कुणी डोकावलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते, आणि चाकरमानी आल्यावर घर रिकामं कुठे असतं? प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही मोडा, प्रॉक्टर (कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक) टोकतो.

खात्यावरचं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळायला हवं. मधलं नाव, लग्नानंतरचं आडनाव यावरून दारातच अडवतात, आणि फी बुडते.

एवढी व्यवस्था होत नसेल तर पुण्याचं किंवा मुंबईचं सेंटर घ्या, आदल्या रात्री पोचा. घाटात दरड किंवा महामार्गावर कोंडी असली की पहाटेची एसटी वेळेत पोचेल याचा भरवसा नाही.

नापास झालात तर दुसरा प्रयत्न लगेच देता येतो, तिसऱ्याआधी १४ दिवस थांबावं लागतं. फी दर वेळी पूर्ण. बँक पैसे देणार असेल तर नापास झाल्यावर किती मिळतात आणि बाँड किती महिन्यांचा, हे व्हाउचर घेण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.