मदत हवी आहे: विमा नाही, खुब्याचा सांधा बदलायला डॅलसहून पुण्याला जावं का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहिते आहे, पण ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी हे केलं आहे त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझं वय ४६. गेली १५ वर्षं ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस (संधिवाताचा एक प्रकार) आहे. हाताची बोटं औषधांनी सांभाळली, पण उजव्या खुब्याने दगा दिला. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामध्ये एक्स-रेत जी फट दिसायला हवी, ती आता दिसतच नाही. हाडाला हाड लागलंय. गाडीत बसताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागतो. त्या पायात मोजा मला घालता येत नाही. शाळेची बस यायच्या आधी माझी ११ वर्षांची लेक खाली बसून मला मोजा घालून देते, मग स्वतःचे बूट बांधते. ती कधी कुरकुर करत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि तिच्यासोबत विमाही गेला. कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचाच जुना विमा पुढे चालू ठेवणं, घ्यायचा तर हप्त्यातला कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. आम्हा तिघांचे महिन्याला २,१०० डॉलर होत होते. नोकरी आज लागेल, उद्या लागेल म्हणून थांबलो आणि मार्केटप्लेसमधून (स्वतःचा विमा घ्यायची इथली सरकारी सोय) विमा घ्यायचे ६० दिवसही त्यातच निघून गेले. चूक आमचीच आहे. आता त्याला कंत्राटी काम मिळालंय, पण त्यात विमा नाही. नोंदणी पुन्हा १ नोव्हेंबरला उघडेल आणि विमा १ जानेवारीपासून लागू होईल. तोवर थांब, असं काही जण म्हणतील. पण मांडीचा स्नायू दिवसेंदिवस वाळत चाललाय, आणि स्वस्तातल्या प्लॅनमध्ये हप्ता आणि खिशातून भरायची रक्कम मिळून पुण्याच्या खर्चाच्या पुढेच जाते.

इथे रोख भरणाऱ्यांसाठी सवलतीचा म्हणून सांगितलेला आकडा ३४,००० डॉलर आहे, भूलतज्ज्ञ वेगळे. पुण्यात दोन ठिकाणी भावाने विचारलं. एकीकडे पावणेचार लाख आणि दुसरीकडे सव्वाचार लाख रुपये, पाच दिवसांच्या मुक्कामासह. नवऱ्याच्या ओळखीतले एक गृहस्थ मेक्सिकोत मॉन्टेरेला जाऊन आले. डॅलसहून ते अगदी जवळ आहे आणि त्यांचं चांगलं झालं. पण तिथे ऑपरेशननंतर मला उठवायला, न्हाऊ घालायला कोण आहे? पुण्यात आई आहे, वहिनी आहे. इथलं काम आणि लेकीची शाळा सोडून नवरा येऊ शकणार नाही, म्हणून माझ्यासाठी हा मुद्दा पैशाइतकाच मोठा आहे.

भाऊ म्हणाला, भारतातलाच आरोग्य विमा काढू. पण आधीपासून असलेल्या आजाराला तिथेही थांबावं लागतं. ती मुदत २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली असली तरी आत्ता आमच्या उपयोगाची नाही.

आता माझ्या शंका. सगळ्यात मोठी परतीच्या प्रवासाची आहे. दोहाहून डॅलसला सलग सोळा तासांच्या आसपास बसायचं, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. इथले डॉक्टर म्हणतात, सहा आठवड्यांच्या आत विमानात पाऊल ठेवू नका, शक्य असेल तर तीन महिने थांबा. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या समन्वयक बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांत परत जाल. खुद्द सर्जनशी अजून बोलणं झालेलं नाही. तुम्ही प्रत्यक्षात किती दिवस थांबलात? रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या प्रवासात चालू होत्या का?

दुसरी शंका इम्प्लांटची. गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली (कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपये, कर वेगळा), पण तो आदेश गुडघ्यापुरता होता. त्यामुळे खुब्याच्या अंदाजपत्रकातला सगळा फरक इम्प्लांटमध्येच दिसतो. माझ्या वयाला सिमेंट न वापरता बसवायचा, सिरॅमिकचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असलेला सांधा सुचवलाय. एका अंदाजपत्रकात मात्र फक्त ‘इम्पोर्टेड’ एवढंच लिहिलंय. कंपनी आणि मॉडेल आधी लेखी मागितलं तर देतात ना? डिस्चार्जच्या कागदांवर इम्प्लांटची स्टिकर लावून मिळतात, ती मला हवीच आहेत. धातूवर धातू घासणारा एक खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता. तेव्हा आपल्या शरीरात नेमकं काय बसवलंय, याचा कागदही अनेकांकडे नव्हता.

तिसरी शंका संधिवातवाल्यांसाठीच. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर मान मागे करावी लागते, म्हणून आमच्यासारख्यांच्या मानेचा एक्स-रे आधी काढायला हवा, असं माझ्या इथल्या डॉक्टरांनी बजावलंय. पुण्याच्या तपासण्यांच्या यादीत तो नाही. मी मागून घेईनच, पण ऑपरेशनच्या आधी तिथे संधिवाततज्ज्ञ बघतात का? मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध चालू ठेवायला सांगितलंय. संधिवाताचं दुसरं इंजेक्शन विमा गेल्यापासून बंदच आहे.

आणि परत आल्यावर टाके, जंतुसंसर्ग, सांधा निखळणं असं काही झालं तर इथला सर्जन दुसऱ्याने केलेलं काम हातात घेतो का? दोघांना फोन केले. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याकडून उत्तर नाही. टेक्ससमध्ये कुणाला असा सर्जन मिळाला असेल तर नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा.

आईचं घर सदाशिव पेठेत आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गणपतीत तिथले रस्ते बंद असतात म्हणून तारीख विसर्जनानंतरची मागितली आहे. कोथरूडला भावाकडे लिफ्ट आहे, पण आईला तिथे करमत नाही आणि मला तर आईच जवळ हवी आहे. पहिले दोन आठवडे जिने चढ-उतार कितपत जमते? कमोडवर बसवायची उंच सीट आणि वॉकर पुण्यात भाड्याने मिळतात का, की इथून घेऊन जाऊ?

तिकीट या महिन्याअखेरीस काढायचं आहे. एखाद्याच प्रश्नाचं उत्तर माहीत असेल तरी लिहा.