हिपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी 6 वर आल्या, म्हणजे संरक्षण संपलं का?

वॉर्डातली_नर्स: शिकत असतानाच लसीचे तिन्ही डोस पूर्ण केले होते. शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने तपासलं तेव्हा आकडा 240 होता. आता बऱ्याच वर्षांनी पुन्हा तपासलं तर 6! रिपोर्टवर लिहिलंय, 10 च्या वर हवा. रोज सुया हाताळते, झोप उडाली आहे. पुन्हा तिन्ही डोस घेऊ का?

लॅबवाला: 10 च्या खाली गेलं की मी तर एक डोस घेऊन टाकतो. विषाची परीक्षा कशाला?

सूक्ष्मजीवशास्त्र_शिकवते: ताई, तो 240 चा जुना रिपोर्ट जपून ठेवा, खरा मोलाचा तोच. रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी नव्या बनवत राहतात, म्हणून आकडा टिकतो. त्या पेशी घटल्या की उतरतो. पण लसीने स्मृती बी-पेशीही तयार झालेल्या असतात. एरवी त्या अँटीबॉडी सोडत नाहीत, म्हणून या चाचणीत दिसतच नाहीत. विषाणू शिरला की त्या झपाट्याने वाढतात आणि अँटीबॉडी पुन्हा बनू लागतात. या आजाराची लक्षणं दिसायला 1 ते 6 महिने लागतात, तेवढ्या अवधीत त्यांचं काम होतं. त्यामुळे पूर्ण लसीकरणानंतर एकदा 10 गाठलेल्या निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांचं वेगळं, त्यांना तपासत राहावं लागतं.

लॅबवाला: मग धनुर्वाताचा बूस्टर का? तिथे स्मृतिपेशी नसतात?

सूक्ष्मजीवशास्त्र_शिकवते: असतात, पण त्यांना वेळ मिळत नाही. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूत शिरलं की अँटीबॉडी तिथे पोचत नाहीत. त्याला बाहेरच गाठायचं तर त्या रक्तात आधीपासून तयार हव्यात. आणि ते विष किती जहाल, तर आजार होण्याइतकी मात्रासुद्धा प्रतिकारशक्ती जागी करायला पुरत नाही! धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावी लागते. दरवर्षी वर्गात हे सांगताना मला तितकंच नवल वाटतं.

वॉर्डातली_नर्स: खूप धीर आला, मॅडम. पण सुई टोचलीच तर?

सूक्ष्मजीवशास्त्र_शिकवते: जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा आणि जुना रिपोर्ट दाखवा. हिपॅटायटिस बीसाठी वेगळं इंजेक्शन लागणार नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीसाठी मात्र थांबू नका. त्या दोन्हींवर लस नाही, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत.