आई-बाबांना घेऊन वाई–महाबळेश्वर–सातारा, पाच दिवस कसे लावावेत?

बडोदेकर_सून

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, घरात मराठी आणि बाहेर गुजराती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझे आई-बाबा, अकरा वर्षांची लेक आणि मी असे चौघं निघतोय. पुण्यापर्यंत रेल्वेने येऊ आणि तिथून पाच दिवसांसाठी गाडी ठरवू. आईचे गुडघे दुखतात. पंधरा-वीस पायऱ्या ती चढते, त्याहून जास्त नाही. बाबा शिक्षक होते. मराठी विश्वकोशाचे खंड त्यांनी एकेक करून जमवले आणि आजही जेवण झालं की एखादा उघडून बसतात. त्यांची एकच इच्छा आहे, वाई बघायची. लेकीला किल्ला हवाय. मला कास पठार आणि प्रतापगड दोन्ही बघायचंय. एका प्रवासी कंपनीने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात वाईला चाळीस मिनिटं दिली आहेत. हे बरोबर आहे का? तुम्ही कसं कराल?

गंगापुरीकर

ताई, चाळीस मिनिटांत गाडी घाटावर लावून ढोल्या गणपतीचं दर्शन होतं. वाई होत नाही. मी वाईचाच, गंगापुरीत वाढलेला, त्यामुळे माझं बोलणं एकतर्फी वाटेल. तरी वाचा.

तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन मीच ही चूक केली. पाहुणे आले होते, म्हणून एका दिवसात महाबळेश्वरचे अकरा पॉइंट उरकले. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, कठड्याशी जायचं, फोटो काढायचा, परत गाडीत. रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "मला त्या गोमुखापाशी अजून थोडं बसायचं होतं." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो, पॉइंट सोडा आणि कृष्णा धरा. जुन्या महाबळेश्वराला, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वरला, ती उगम पावते. तिथून धोम, मेणवली, वाई आणि लिंब करत माहुलीला वेण्णेला भेटते. वेण्णाही त्याच डोंगरातली, पण ती मेढ्याकडून येते. एवढा पट्टा पाच दिवसांत आरामात होतो आणि आईंना फार चढावंही लागत नाही.

मुक्काम तीन रात्री वाईत ठेवा, चौथी साताऱ्यात. पुण्याहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. दुपारी पोचलात तर काहीही बघू नका, संध्याकाळी फक्त गणपती घाटावर बसा. तिथलं ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. एकाच दगडातली केवढी थोरली मूर्ती आहे ते आत गेल्यावर कळेल. पण दर्शन झालं की देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंनी फुटून जातं. लहानपणी पुराच्या दिवसांत आम्ही पोरं पलीकडच्या काठावरून ते पाणी फुटताना तासन्‌तास बघायचो. लेकीला ते टोक नक्की दाखवा.

दुसरा दिवस मेणवली आणि धोम. मेणवली तीनच किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, सहा चौकांचा. भिंतींवरची चित्रं काही ठिकाणी पुसट झालीत, म्हणून सकाळच्या उजेडात जा. वाड्यामागे घाट आहे आणि तिथे एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि 1707 हे साल. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हाच्या विजयात तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. कृष्णेच्या काठी, मेणेश्वराच्या शेजारी, पोर्तुगीज घंटा. मी शाळेत असल्यापासून ती बघतोय, अजूनही तिथे गेलो की हात लावल्याशिवाय परत येत नाही. धोमला नृसिंहाचं देऊळ आहे आणि त्याच आवारात महादेवापुढचा नंदी, कासवाच्या पाठीवर बसलेला. कासव कमळाच्या आकाराच्या हौदात आहे. हौदात पाणी असलं तर अख्खा नंदी तरंगतोय असं वाटतं.

बाबांसाठी: विश्वकोशाचं कार्यालय वाईतच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून ते काम उभं केलं, पहिला खंड 1976 मध्ये आला. ते ज्या प्राज्ञपाठशाळेत शिकले तीही इथलीच, विनोबाही काही काळ तिथे शिकायला होते. या दोन्ही जागा बाहेरून साध्या आहेत. ज्याच्या घरात ते खंड आहेत त्याला तिथे काय वाटेल हे मी सांगायला नको.

तिसरा दिवस डोंगरावर. पसरणी घाटाने पाचगणी. तिथून पुढे महाबळेश्वरच्या वाटेत भिलार आहे, 2017 पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलीत, कुणीही जाऊन वाचत बसावं. डिसेंबरात स्ट्रॉबेरी आलेली असते, ती शेतावरूनच घ्या. मग थेट क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं ते पाणी मानतात. तिथून जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, गर्दी नसते. आईंना तिथे हवं तेवढं बसू द्या.

कासचं सांगायचं तर डिसेंबरात जाऊ नका. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. तुम्हाला नुसतं वाळलेलं गवत आणि कातळ दिसेल आणि उगीच वाईट वाटेल. त्यासाठी वेगळ्या या.

जावळी_खोरं

गंगापुरीकरांनी कृष्णा धरा म्हटलं, मी कोयनेची बाजू मांडतो. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरा. खाली शिवसागराचं पाणी पसरलेलं दिसतं. ते कोयना धरणाचं पाणी, आणि माझ्या आजोबांचं गाव त्याच्याच तळाशी आहे. धरणामुळे आमची माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. काही वरच्या उतारांवर सरकली, आणि आमच्यासारख्यांचे बापे मुंबईला माथाडीत गेले. आजी सांगायची, जात्याचा दगड जड म्हणून तिथेच ठेवून आलो. लाँचमध्ये बसलात की चालवणाऱ्याला विचारा, "इथे खाली कुठलं गाव होतं?" तो सांगेल. इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आईंना बोटीत चढताना हाताला धरा, बाकी चालणं नाही.

वासोटा किल्ला मात्र या खेपेला नको. बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी आणि जंगलातली खडी चढण आहे.

गडवाट

लेकीचा किल्ला विसरू नका! प्रतापगड महाबळेश्वरपासून वीसेक किलोमीटर. आई-बाबा पायथ्याच्या दुकानांपाशी सावलीत बसतील, तुम्ही दोघी वर जा. सकाळी लवकर गेलात तर दोन-अडीच तास पुरे. भवानीमातेचं देऊळ झालं की बालेकिल्ल्यावरून जावळीचं खोरं बघा. 10 नोव्हेंबर 1659 ला महाराजांनी अफझलखानाला इथेच का आणलं, हे पुस्तकात वाचून पुरेसं कळत नाही. चहूबाजूंनी डोंगर, मधे दाट झाडी, मोठ्या फौजेला पांगायला जागाच नाही. लेकीला हा नकाशा डोळ्यांनी बघू द्या.

बडोदेकर_सून

किती मनापासून लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. विश्वकोशाचं वाचल्यावर ते उठून आत गेले आणि पहिला खंड घेऊन आले, "हा तिथे तयार झाला" म्हणाले. कंपनीचा कार्यक्रम रद्द करतेय. जावळीकर, आजींच्या जात्याचं वाचून आई गप्प झाली, आता तिला तापोळ्याला जायचंच आहे. दोन प्रश्न आहेत. कार्यालयात आत जाता येईल का? आणि प्रतापगड, तापोळा, क्षेत्र महाबळेश्वर हे सगळं एका दिवसात बसेल?

गंगापुरीकर

नाही बसणार, आणि बसवू नका. एक रात्र वाईतली कमी करून क्षेत्र महाबळेश्वरजवळ काढा. तिसऱ्या दिवशी भिलार आणि गोमुख, चौथ्या दिवशी पहाटे प्रतापगड आणि दुपारी तापोळा. रात्री उशीर झाला तरी मेढ्यावरून साताऱ्याला उतरा. ती वेण्णेची वाट आहे.

पाचव्या दिवशी आधी संगम माहुली. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी तिथेच आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. ही दुसरी समाधी लेकीला आवडेल. मग पुण्याच्या रस्त्यावर लिंबला वळा, बारा मोटेची विहीर. विरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये आमराईसाठी बांधलेली, एकाच वेळी बारा मोटा चालायच्या. आई वरून बघतील, तुम्ही खाली उतरा. आतल्या महालात गार असतं.

कार्यालयासाठी कामकाजाच्या दिवशी जा आणि आधी फोन करा, कारण ते प्रदर्शन नव्हे, रोजचं काम चालणारी जागा आहे. बाबा शिक्षक होते आणि खंड जमवलेत हे आवर्जून सांगा. तो पहिला खंड जड असला तरी बरोबर आणा. मी त्या आठवड्यात वाईतच आहे. निघण्याआधी इथेच निरोप टाका, घाटावर भेटू.