बुजरं, घुमं, भिडस्त : लेकरांच्या स्वभावाचे शब्द

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. साडेतीन वर्षांची एक पोरगी नवी आलीय. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते, सगळ्यांकडं टक लावून बघते, पण बोलत नाही. तिची आई म्हणते, "घुमी हाय माय ती." मदतनीस ताई म्हणतात, बुजरी आहे. वहीत मी लिहिलं, लाजाळू. खरा शब्द कोणता?

उत्तर : तुमच्या मदतनीस ताईंचा. बुजणं हा मूळ गुराढोरांचा शब्द. माळेगावच्या यात्रेतून आणलेला गोऱ्हा नव्या दावणीला बुजतो, कान टवकारतो, वैरणीला तोंड लावत नाही. शेतातलं बुजगावणं याच क्रियापदातून आलं. बुजण्याला कारण असतं नवी जागा, नवी माणसं. ते जुनं झालं की बुजणं सरतं.

लाजणं वेगळं. आपल्याकडं कुणी बघतंय याची जाणीव झाली की माणूस लाजतं. ही पोरगी तर स्वतःच सगळ्यांकडं बघतेय.

आणि घुमं हा शब्द मला लेकराला लावायला नकोच वाटतो. त्यात आरोप आहे, मनात काहीतरी ठेवून मुद्दाम गप्प बसल्याचा. एकदा 'घुमी' म्हटलं की बाकीची लेकरंही तेच म्हणायला लागतात, खेळायला बोलवत नाहीत, आणि ती आणखी गप्प होते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या वयापासून मुलांचे स्वभाव अभ्यासले. त्यांत सुमारे १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी निघाली. मूल आणि भोवतालची माणसं यांचं किती जमतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. घाई केली तर असं मूल आणखी मागं सरतं.

आणखी एक : यात 'भिडस्त' मिसळू नका. भिडस्त लेकरू सगळ्यांत मिसळतं, पण हातातली बाहुली कुणी मागितली की देऊन टाकतं, घसरगुंडीवर आपली पाळी सोडतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. बुजऱ्याला वेळ द्यावा लागतो, भिडस्ताला 'नाही' म्हणायला शिकवावं लागतं. बाईंचं लक्ष मात्र दांडग्या पोरांकडंच जातं, भिडस्ताचं रडणं ऐकूच येत नाही.

आणि बघत राहणं म्हणजे खेळाबाहेर असणं असं समजू नका. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यांत दुसऱ्यांचा खेळ बघणं हा वेगळा प्रकार धरलाय. असं मूल नुसतं उभं नसतं, त्याचं सगळं ध्यान त्या खेळात असतं.

प्रश्नकर्ती : वहीत 'लाजाळू' खोडलं, 'नव्या जागी बुजते' लिहिलं. तिला हाताला धरून गोलात बसवायचं बंद केलं. चौकटीपाशीच एक पोतं अंथरलं, चिंचोके ठेवले. सहाव्या दिवशी दुसरी एक पोरगी आपली वाटी घेऊन तिथं जाऊन बसली. दोघी आपापले चिंचोके मांडत होत्या, बोलणं काही नाही. मग हिनं एक चिंचोका सरकवला तिच्याकडं.

मदतनीस ताई हळूच म्हणाल्या, "माणसाळायलंय लेकरू." माणसाळणं, हाही गोठ्यातलाच शब्द की!