कालावधी डेटाबेसमध्ये ठेवायचा कसा? 'टाइम' कॉलमला माझा विरोध आहे

क्वेरीवाला

मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कारखान्यांची हजेरी आणि पगाराची सॉफ्टवेअरं सांभाळणं हे माझं काम. जुना डेटाबेस उघडला की एक कॉलम हमखास सापडतो: 'कामाचे तास', आणि त्याचा टाइप (त्यात कोणत्या प्रकारची माहिती बसते ते) 'टाइम'. ही पद्धत बंद व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

सकाळचे पावणेनऊ ही घड्याळातली वेळ. पावणेनऊ तास काम हे मोजमाप. मोजमापाची बेरीज होते, घड्याळातल्या वेळेची होत नाही. डेटाबेसला हे कळतं, आपणच त्याच्याशी भांडत बसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइम कॉलमवर सरळ 'सम' (बेरीज) लावून बघा. ०८:४५:०० चा तो आधी ८४५०० हा आकडा करतो. दोन दिवसांचे झाले १६९०००, म्हणजे १६ तास ९० मिनिटं! खरं उत्तर साडेसतरा तास. एरर येत नाही, चुकीचा आकडा मुकाट्याने पुढे जातो. एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस निदान टाइमची बेरीज करायला साफ नकार देतो, ते परवडलं.

यावर लोक 'टाइम टू सेक'ने वेळेचे सेकंद करून बेरीज करतात आणि 'सेक टू टाइम'ने परत फिरवतात. बेरीज बरोबर येते, पण मायएसक्यूएलचा टाइम ८३८:५९:५९ च्या पुढे जात नाही. चार कामगार, २६ दिवस, रोज ९ तास: ९३६ तास. रिपोर्टवर छापून येतात ८३८:५९:५९. वॉर्निंग मिळते, पण ती सर्व्हरवरच राहते, रिपोर्ट वाचणाऱ्याला दिसत नाही.

माझी मांडणी अशी: पंच इन आणि पंच आउट (आत-बाहेर गेल्याची नोंद) पूर्ण तारखेसह ठेवा. मंजूर झालेला कालावधी साध्या पूर्णांकात, सेकंदांत ठेवा. तास-मिनिटं फक्त स्क्रीनवर दाखवताना करा. विरोधी मतं अवश्य मांडा.

पोस्टग्रेसप्रेमी

निम्मं मान्य, निम्मं अजिबात नाही. दुखणं मायएसक्यूएलचं आणि पथ्य सगळ्यांना? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'इंटरव्हल' हा टाइप नेमका याच कामासाठी आहे. तुमची चार कामगारांची बेरीज तिथे ९३६:०० अशी सरळ येते. दोन टाइमस्टॅम्प (तारखेसह वेळा) वजा केले की इंटरव्हलच मिळतो, मग तो मोडून पूर्णांक कशाला करायचा? कॉलममध्ये ५२५ दिसलं तर ती मिनिटं की सेकंद, हे नवीन माणसाने कुणाला विचारायचं?

दुसरं, सगळे कालावधी सेकंदांत बसत नाहीत. नोटीस पीरियड ३ महिने असेल तर त्याचे सेकंद किती? १ जुलैपासून मोजले तर ९२ दिवस होतात, ३० नोव्हेंबरपासून मोजले तर फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला येऊन थांबतात. इंटरव्हल महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद वेगवेगळे ठेवतो, म्हणून हे हिशेब बरोबर येतात. तुमच्या पूर्णांकात ही माहितीच राहत नाही.

पगारपत्रक

मी प्रोग्रामर नाही, पगार काढते. तुमच्या टाइपच्या वादातलं थोडंच कळलं, पण नुकसान कुठे होतं ते सांगू शकते. साडेआठ तास कुणी ८.३० लिहितं, कुणी ८.५०. एक्सेलमधून आलेला ८.३० डेसिमल कॉलममध्ये गेला की तो ८ तास १८ मिनिटं होतो. रोज १२ मिनिटं, २६ दिवसांत ५ तास १२ मिनिटं. आणि हे तास ओव्हरटाइमचे असतील तर ते दुप्पट दराचे. कामगार पगाराच्या पावतीवर बोट ठेवून विचारतो, "मॅडम, माझे तास कुठे गेले?" त्याला मी कॉलमचा टाइप सांगू का? तुम्ही सेकंद ठेवा नाहीतर इंटरव्हल ठेवा, पण दशांश तास नकोत.

निशाचर

ताईंशी पूर्ण सहमत. बाकी दोघांनाही माझा विरोध आहे. कालावधी साठवायचाच कशाला? सुरुवात आणि शेवट साठवा, कालावधी क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) काढा. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की कधीतरी दोन वेगळी उत्तरं मिळणारच.

रात्रपाळीत तारखेशिवाय वेळ ठेवणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहतो. २२:०० ला आत, ०६:०० ला बाहेर. वजाबाकी येते उणे १६ तास. मग क्वेरीत केस (अट) घालून 'उणे आलं तर २४ मिळवा'. एखाद्याने सलग तीन पाळ्या करून चौथ्या पाळीतही दोन तास काढले, की २६ तासांचे २ तास होतात आणि केसला पत्ताही लागत नाही.

हजेरीच्या दिवसाचंही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी श्रम संहिता आली) कलम ५७ सांगायचं की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे. टाइमस्टॅम्पची नुसती तारीख काढून ग्रुप बाय (तारखेनुसार गट) करणाऱ्या क्वेरीत तो माणूस दोन दिवसांत विभागला जातो. मग एकाही दिवशी ठरलेले तास ओलांडलेले दिसत नाहीत, त्याचा ओव्हरटाइम गेला. पाळी कोणत्या दिवसाची, हा कॉलम वेगळाच हवा.

क्वेरीवाला

@निशाचर, पाळीच्या दिवसाचं पटलं, तो कॉलम हवाच. पण 'कालावधी साठवू नका' हे पगारात चालत नाही. पंच हा पुरावा आहे, मंजूर तास हा निर्णय आहे. जेवणाची सुट्टी वजा होते, उशिराची सवलत मिळते, सुपरवायझर सही करतो. उद्या सवलत १० मिनिटांवरून ५ वर आली आणि क्वेरी नव्याने चालवली, तर गेल्या वर्षीच्या पावत्या बदलतील. दिलेला पगार बदलत नाही, मग त्याच्यामागचे तासही बदलता कामा नयेत.

@पोस्टग्रेसप्रेमी, महिन्यांचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. महिना हे कॅलेंडरचं माप, हजेरी हे सेकंदांचं. इंटरव्हल दोन्ही एकाच कॉलममध्ये येऊ देतो. शिवाय तुलना करताना पोस्टग्रेस १ महिना आणि ३० दिवस समान मानतो. नोटीस पीरियडसाठी 'महिने' असा वेगळा पूर्णांक ठेवा. आणि एकक कॉलमच्या नावातच लिहा: मंजूर_सेकंद. कुणाला विचारायला नको.

गिरगावकर

इतका खल कशासाठी? आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे होत नाही. भारतीय वेळ ठेवा, यूटीसी या जागतिक वेळेची भानगड नको, वजाबाकी बरोबरच येणार.

मालाड सपोर्ट

@गिरगावकर, मशीन मुंबईत आणि माणूसही मुंबईत असेल तोवर ठीक. आमच्या टेबलात लंडनच्या टीमची हजेरीही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं, आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्या रात्री २२:०० ते ०६:०० ही पाळी ९ तासांची असते. स्थानिक वेळ झोनशिवाय ठेवली तर ८ च दिसतात, एक तास फुकट.

आणि मुंबईची वेळ कधी बदललीच नाही असंही नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहराने ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची आपली वेळ १९५५ पर्यंत चालवली.

कर्जत लोकल

एक वेगळा कोपरा. वेळापत्रकात टाइम टाइप रास्त आहे असं कुणी म्हणण्याआधी: मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची लोकल प्रवाशांसाठी आजचीच गाडी असते. सार्वजनिक वाहतुकीच्या जीटीएफएस या मांडणीत अशी वेळ २४ च्या पुढे लिहिता येते, २५:३५:०० सुद्धा. पोस्टग्रेसचा टाइम २४:०० ला थांबतो, एसक्यूएल सर्व्हरचा त्याच्याही आत. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती सहज बसते. म्हणजे क्वेरीवाल्यांना जी सोय चुकीची वाटते, ती माझ्या कामाची आहे.

पगारपत्रक

सेकंद ठेवायचे ठरले तर राउंडिंग कधी करायचं? रोज की महिनाअखेर?

क्वेरीवाला

महिनाअखेर, एकदाच. रोज सेकंद कापले तर २६ दिवसांत २५ मिनिटांपर्यंत तूट येऊ शकते, आणि ती दर वेळी कामगाराच्याच खात्यात.

निशाचर

इथे माझा पुन्हा विरोध. कामगाराला रोजच्या हजेरीत मिनिटं दिसतात. महिनाअखेर त्यांची बेरीज त्याच्या हातातल्या आकड्यांशी जुळली नाही, तर तो विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये. रोजच राउंड करा, पण वरच्या मिनिटाला, त्याच्या बाजूने.