प्लॉटचा पातळ्यांसह सर्व्हे: कामाच्या मागणीपत्रात नेमकं काय लिहून घ्यावं?

उतारावरचा_प्लॉट

प्लॉट ३० मी. × ४५ मी., रस्ता ३० मीटरच्या बाजूला. जमीन रस्त्यापासून मागे उतरत जाते, नजरेच्या अंदाजाने दोनेक मीटर. मागच्या हद्दीलगत नाला. मधोमध जुना दगडी बांध आणि सहा मोठी झाडं. वर दोन मजले आणि उताराचा फायदा घेऊन मागच्या बाजूला अर्धं तळघर, असा विचार आहे. आर्किटेक्टनं नकाशे सुरू करण्याआधी टोपोग्राफिक सर्व्हे मागितलाय. एक सर्व्हेअर म्हणतो १० मीटरच्या ग्रिडवर टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) पातळ्या देतो. दुसरा म्हणतो ड्रोननं अर्ध्या दिवसात उरकतो, कंटूरही (समान उंचीच्या रेषा) दाट मिळतील.

हद्दीची अधिकृत मोजणी झाली आहे, खुणा शाबूत आहेत. तर ग्रिड किती धरावं, ड्रोन चालेल का, आणि मागणीपत्रात काय काय घालावं, म्हणजे नंतर ‘हे सांगितलंच नव्हतं’ ऐकावं लागणार नाही?

स्टाफ_सरळ_धर

ग्रिडचा आकडा सगळ्यात शेवटी. आधी जमिनीचा उतार कुठे मोडतो ते बघा. बांधाचा माथा आणि पायथा, नाल्याच्या काठाची वरची कड आणि तळाची कड, डांबराची कड, पावसाच्या पाण्यानं पाडलेली चर, या सगळ्या रेषा पकडून दर ३ ते ५ मीटरवर आणि प्रत्येक वळणावर पॉइंट घ्यायचे. ह्या ब्रेकलाइन. सॉफ्टवेअर जवळचे पॉइंट जोडून त्रिकोण करतं आणि त्रिकोणाची बाजू सरळच असते. बांधाच्या वर एक पॉइंट आणि खाली आठ मीटरवर दुसरा असला, तर मधली सव्वा मीटरची उभी भिंत त्याच्या लेखी हलका उतार. कंटूर देखणे येतात, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. पाया खोदायला लागल्यावर येते.

ग्रिड फक्त या रेषांमधल्या जागेसाठी. ५ मीटरचं धरलं तर ७ × १० म्हणजे ७० पॉइंट होतात, काही फार नाही. १० मीटरचं या प्लॉटला विरळ.

आता खरी गोम हद्दीच्या बाहेर आहे. बहुतेक सर्व्हे कुंपणापाशी थांबतात. मागणीपत्रात स्पष्ट लिहा: रस्त्याचा मध्य, दोन्ही कडा आणि गटाराचा तळ, प्लॉटच्या दोन्ही बाजूंना किमान १५ मीटर पुढेपर्यंत. शेजारच्या घरांच्या जोत्याची पातळी. कुंपणभिंतीचा माथा आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन, कारण भिंत नुसता आडोसा आहे की पलीकडची माती तोलून धरतेय हे त्यावरूनच कळतं. नाल्याचे आडवे छेद दर १० मीटरवर, प्लॉटच्या वर आणि खाली दोन्हीकडे. खालच्या अंगाला मोरी असेल तर तिच्या गाळ्याची रुंदी, उंची आणि तळाची पातळी. काठावर, झाडांच्या बुंध्यांवर पुराच्या खुणा दिसत असतील तर त्यांच्याही पातळ्या.

सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण मोजून कुणी निघून जात असेल तर जाऊ देऊ नका. झाकण उघडून आतला इन्व्हर्ट (पाइपच्या आतल्या तळाची पातळी), पाइपचा व्यास आणि वाहण्याची दिशा हवी. तुमच्यासारख्या, रस्त्यापासून खाली उतरणाऱ्या प्लॉटवर हाच आकडा घराचं भवितव्य ठरवतो. समजा रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण ९८.९०, आतली खोली ०.९५, म्हणजे इन्व्हर्ट ९७.९५. घराच्या मागच्या चेंबरपर्यंत ३६ मीटर पाइप, उतार ६० ला १, म्हणजे ०.६० मीटर चढ. मागच्या चेंबरचा तळ ९८.५५ च्या खाली जाऊच शकत नाही. वाहिनीच्या अगदी तळाशी न जोडता थोडं वर जोडायचं असतं, त्यात आणखी काही सेंटिमीटर जातात. अर्ध्या तळघराची फरशी ९७.५० ला आली तर ती पाइपच्या तळापेक्षा १.०५ मीटर खाली. तिथलं संडासाचं पाणी पंपाशिवाय रस्त्यावर जाणार नाही. हे नकाशा सुरू होण्याआधी कळायला हवं.

उंची_आणि_उंची

ड्रोनबद्दल. कॅमेऱ्याला वरून जे दिसतं तेच तो मोजतो. जमिनीवर गवत असेल तर गवताचे शेंडे, झाड असेल तर पानांचं छत. तुमच्या १३५० चौ. मी. जागेत सरासरी १० सेंमी जरी पातळी वर धरली गेली, तरी खोदाई-भरावाच्या हिशेबात १३५ घनमीटरचा फरक पडतो. लायडार (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) बसवलेला ड्रोन पानांच्या फटींतून काही प्रमाणात जमीन गाठतो, पण दाट झुडपांखाली त्याचाही भरवसा नाही. बांधाची उभी बाजू, चेंबरचा आतला तळ, झाडाखालची जमीन या तिन्ही गोष्टी माणसालाच जाऊन मोजाव्या लागणार. मग एवढ्याशा प्लॉटवर ड्रोननं वाचलं काय? नकाशाखाली ठेवायला फोटो म्हणून घ्या, छान येतो.

तरीही कुणी ड्रोन लावलाच, तर जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (आधीच मोजलेल्या खुणा) किमान पाच, चार कोपऱ्यांत आणि एक मध्यात. शिवाय गणितात न वापरलेले दोन-तीन वेगळे, फक्त तपासणीसाठी. कंट्रोल पॉइंट नसतील तर सगळं मॉडेल मधोमध फुगतं किंवा खोलगट होतं, आणि संगणकावर बघून ते ओळखू येत नाही.

जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र) आणणार असतील तर तीन गोष्टी विचारा. आरटीकेची (स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेत मोजण्याची पद्धत) आडवी अचूकता मोकळ्या आकाशाखाली एक-दोन सेंमी असते, उंचीची त्याच्या दीडपट-दुप्पट वाईट. झाडाखाली किंवा भिंतीलगत लहरी परावर्तित होऊन येतात, तिथे तर स्क्रीनवर ‘फिक्स’ दिसत असतानाही आकडा खोटा असू शकतो. म्हणून जोतं, इन्व्हर्ट आणि बेंचमार्क (पातळीचा आधारबिंदू) ऑटो लेव्हलनंच, म्हणजे आडव्या दृष्टिरेषेनं स्टाफ (उभी मापपट्टी) वाचणाऱ्या यंत्रानंच. दुसरं, रोव्हरची मूळ उंची ही लंबगोलाभापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) असते. ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत जागेनुसार कित्येक मीटरांचा, काही ठिकाणी शंभरेक मीटरपर्यंत फरक असतो. प्लॉटच्या आत सगळं त्याच आधारावर असेल तर बिघडत नाही. ड्रेनेज खात्याच्या नकाशातले इन्व्हर्ट दुसऱ्या आधारावर असले आणि दोन्ही एका ड्रॉइंगमध्ये आले की गोंधळ होतो. तिसरं, निर्देशांक यूटीएममध्ये (जगभर वापरली जाणारी नकाशा-पद्धत) असतील तर प्रमाण घटक (नकाशावरचं अंतर भागिले प्रत्यक्ष अंतर) कुठला धरला ते विचारा. मध्य रेखावृत्तावर तो ०.९९९६ असतो, म्हणजे ४५ मीटरची बाजू नकाशावर १८ मिमी आखूड येते. टेपनं आखणी करणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. लहान जागेला सरळ स्थानिक, जमिनीवरच्या अंतरांचं ग्रिडच बरं.

पाठची_वाचणी

दोघांचं पटतं, पण बेंचमार्कवर कुणी बोललंच नाही. पहिली मागणी तीच हवी.

किमान दोन, शक्यतो तीन टीबीएम (कामापुरते तात्पुरते बेंचमार्क). खोदाईच्या, ट्रक वळण्याच्या आणि माती टाकण्याच्या जागेपासून दूर. झाडाच्या मुळावरचा खिळा, चेंबरचं झाकण, पुढे पाडायची कुंपणभिंत, यातलं काहीही चालणार नाही. पक्का खडक, शेजारच्या जुन्या इमारतीचं जोतं, किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेली सळई. माती फुगणारी चिकण असेल तर उथळ ठोकळा पावसाळ्यात वर येतो आणि उन्हाळ्यात खाली बसतो, तिथे खोल जावं लागतं. एकच टीबीएम असेल तर तो हलल्याचं कळायला मार्गच नाही. तीन असतील तर कुठला हलला तेही सांगता येतं.

पातळ्या फिरवताना सर्व्हेअर सुरुवातीच्या टीबीएमवर परत येऊन बंद करतो का ते बघा. परत आल्यावर उरणारा फरक, म्हणजे बंदी चूक, ±१२√क मिमीच्या आत हवी, क म्हणजे किलोमीटरमधली फेरी. तुमच्या जागेवर फेरी पाव किलोमीटर धरली तर ६ मिमी. त्याहून जास्त आली तर पुन्हा.

लेव्हल बुकाची फोटोप्रत मागा. त्यात अशा नोंदी दिसायला हव्यात: टीबीएम १००.०००, पाठची वाचणी (माहीत पातळीवरच्या स्टाफची) १.४३५, यंत्राची उंची (दृष्टिरेषेची पातळी) १०१.४३५. बदल-बिंदूवर (यंत्र हलवण्याआधीचा शेवटचा बिंदू) पुढची वाचणी १.९८०, पातळी ९९.४५५. यंत्र हलवून पाठची ०.८६५, यंत्राची उंची १००.३२०, पुढची २.११५, पातळी ९८.२०५. ताळा: पाठच्यांची बेरीज २.३००, पुढच्यांची ४.०९५, फरक उणे १.७९५. १००.००० मधून वजा केला की ९८.२०५, जुळलं.

पण या ताळ्यावर फार विसंबू नका. तो बेरीज-वजाबाकी तपासतो, वाचणी नाही. आणि यंत्राच्या उंचीच्या पद्धतीत मधल्या वाचण्या (पाठच्या आणि पुढच्या वाचणीमध्ये घेतलेल्या इतर पॉइंटांच्या) ताळ्यात येतच नाहीत. एका चेंबरवर १.३६ ऐवजी २.३६ लिहिलं गेलं, तरी फेरी सुरेख बंद होते. म्हणून इन्व्हर्ट आणि जोत्यासारख्या महत्त्वाच्या पॉइंटांवर यंत्राच्या दुसऱ्या जागेवरून पुन्हा वाचणी घ्यायला लावा.

यंत्राची दोन खुंट्यांची चाचणी कामाआधी करायला सांगा. ६० मीटरवर दोन खुंट्या, यंत्र मधोमध ठेवून फरक काढायचा, मग यंत्र एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा. दोन्ही फरक सारखे नसले तर दृष्टिरेषा आडवी नाही. पाठचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवलं तर ही चूक आपोआप कटते, पण मधल्या वाचण्यांना तो फायदा नाही.

टोटल स्टेशनवर सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक प्रिझमच्या (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) दांड्याच्या उंचीची. झुडपावरून दिसावं म्हणून दांडा १.५० वरून २.०० केला आणि यंत्रात भरलं नाही, की तिथून पुढचे सगळे पॉइंट अर्धा मीटर वर. नकाशात अचानक एक पायरी दिसली तर आधी हा संशय घ्या. दोन मीटरचा दांडा एक अंश कलला तर टोक ३५ मिमी सरकतं, तेव्हा दांड्यावरचा बुडबुडाही बघत जा. सरकत्या स्टाफचा वरचा भाग पूर्ण ‘टक्’ करून बसला नसेल तर फक्त मोठ्या वाचण्याच चुकतात, लहान बरोबर येतात. अशी चूक शोधताना डोकं उठतं.

उतारावरचा_प्लॉट

फारच कामाचं. ड्रोन रद्द. अजून दोन शंका. कंटूर किती अंतराचे मागू? आणि झाडांची नोंद कशी असावी? आर्किटेक्टला तीन झाडं ठेवायची आहेत, जुनी पाण्याची पाइपलाइनही कुठूनतरी जाते म्हणतात.

ड्रॉइंगवाला

कंटूर ०.२५ मीटर. उतार दोन मीटरचा म्हणजे आठ-नऊ रेषा येतील, घर बसवायला पुरेशा. ०.१० चे मागू नका. गवताळ जमिनीवर ते मातीच्या ढेकळांचे कंटूर होतात. त्याच कारणानं मोकळ्या मातीवर ९८.४३७ असं मिलिमीटरपर्यंत लिहिणारा सर्व्हेअर मला खटकतो. मातीवर दोन दशांश पुष्कळ. काँक्रीट, इन्व्हर्ट, जोतं आणि टीबीएम यांवर तीन लिहा.

झाडाला प्रिझम लावतात तो खोडाच्या पुढच्या बाजूला, मध्यावर नाही. ६० सेंमी व्यासाच्या खोडात ३० सेंमीची चूक तिथेच झाली, ती अर्ध्या व्यासाची भर घालून सुधारायला सांगा. प्रत्येक झाडाला जात, छातीच्या उंचीवरचा घेर, चार दिशांना फांद्यांचा पसारा, आणि बुंध्यापाशी जमिनीची पातळी. शेवटचं विसरू नका. ठेवायच्या झाडाभोवती अर्धा मीटर भराव घातला तर मुळं गुदमरतात, म्हणून तिथली पातळी जशी आहे तशीच ठेवून घर बसवावं लागतं.

पाइपलाइनबद्दल: जमिनीवरच्या सर्व्हेत फक्त व्हॉल्व्ह, झाकणं आणि खांब दिसतात. दोन व्हॉल्व्हमध्ये सरळ रेष ओढून ‘पाइपलाइन’ असं लिहिलेलं ड्रॉइंग मान्य करू नका. ती अंदाजाची रेष आहे, तुटक दाखवून तसं लिहायला लावा. धातूची असेल तर विद्युत-चुंबकीय शोधकानं माग लागतो, प्लास्टिकची असेल तर सहसा नाही. खात्री हवी असेल तिथे हातानं खड्डा घेऊन पाइपचा माथा मोजायचा. पायाच्या रेषेवर दोन-तीन खड्डे घ्याच. वरच्या विजेच्या तारा असतील तर खांबांबरोबर झोळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूची उंचीही मागा, आणि त्या दिवशीचं तापमान शेजारी लिहून ठेवा. उन्हात तार आणखी खाली येते. तारेला दांडा किंवा स्टाफ लावू द्यायचा नाही, लांबूनच कोनानं मोजायची.

मागणीपत्रात शेवटी काय हाती यायला हवं तेही लिहा. पीडीएफ १:२०० वर, आणि डीडब्ल्यूजी (कॅड ड्रॉइंगची फाइल) ज्यात पॉइंटांना खरी उंची आहे. पुष्कळ वेळा ड्रॉइंगमध्ये आकडे नुसते अक्षर म्हणून टाकलेले असतात आणि सगळे बिंदू शून्य उंचीवर पडलेले असतात. आर्किटेक्टनं फाइल उघडली की त्याला सपाट प्लॉट मिळतो. म्हणून पॉइंटांची सीएसव्ही यादी वेगळी घ्या: क्रमांक, दोन निर्देशांक, पातळी, कोड. ब्रेकलाइन वेगळ्या लेयरवर. टीबीएमचे फोटो आणि वर्णन. सर्व्हेची तारीख. १००.००० हा आधार गृहीत धरलेला असेल तर तसं ड्रॉइंगवरच लिहिलेलं हवं. हद्दीच्या खुणा मोजून मोजणीच्या नकाशाशी अंतरं ताडून बघायला सांगा, पण टोपोच्या ड्रॉइंगवरून हद्द ठरवू नका, ते काम वेगळं.

@स्टाफ_सरळ_धर, ५ मीटरचं ग्रिड घराच्या जागेखाली मलाही मान्य, मात्र मागच्या तळघराच्या पट्ट्यात मी ३ मीटर घेईन. तिथे खोदाई सगळ्यात जास्त, आणि कंत्राटदाराचं बिल तिथूनच निघणार. झुडपं काढल्यावर, पण मातीचा वरचा थर हलवण्याआधी मूळ जमिनीच्या पातळ्यांचा तक्ता करून त्यावर मालक, कंत्राटदार आणि सर्व्हेअर अशा तिघांच्या सह्या घ्या. जेसीबी एकदा फिरला की मूळ जमीन कुठे होती हे दोन्ही बाजूंना सिद्ध करता येत नाही.

स्टाफ_सरळ_धर

तळघराला ३ मीटर, मान्य. नाल्याच्या काठालाही तेच घ्या. आणि सर्व्हे ताब्यात घेण्याआधी स्वतः दहा-बारा ठिकाणी तपासा: पारदर्शक नळीत पाणी भरून टीबीएमपासून जोत्यापर्यंत, बांधाच्या माथ्यापर्यंत. नळीत हवेचा बुडबुडा नसेल तर सेंटिमीटरभरात जुळायला हवं. नळी उन्हात आणि सावलीत अर्धी-अर्धी पडली असेल तर आधी सारखी होऊ द्या.